दोन अंगठ्यांचा अबोला

आमच्या घरात त्या यंत्राला 'पाठवण्या' म्हणतात. दुकानदारानं त्याचं खरं नाव सांगितलं होतं, पण ते इतकं लांबलचक होतं, की दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत मी त्यातलं निम्मं विसरलो आणि घराचा जिना चढेपर्यंत उरलेलं. तळहाताहून थोडं मोठं, काळं, चपटं, पोटाशी एक हिरवा दिवा. काम एकच. घरच्या टीव्हीवर जे दिसतं ते उचलायचं आणि दूरच्या मोबाइलवर नेऊन ठेवायचं. मोबाइलवर रिमोटचं एक चित्रही येतं. तिथलं बटण दाबलं की इथला चॅनेल बदलतो. इतकं साधं, गरीब स्वभावाचं हे यंत्र. त्यानं माझं घर, माझी कचेरी, आमच्या इमारतीचं छत आणि इस्पितळातला एक अख्खा वॉर्ड कसा ढवळून काढला, ते सांगायला बसलोय. यात माझी बाजू कशी बरोबर होती हे वाचणाऱ्याला आपोआप कळेल, अशी आशा आहे. घरात अजून कुणाला कळलेलं नाही.

झालं असं. आमच्या डिशच्या डब्यात कार्यक्रम साठवायची सोय आहे. त्यात आईनं तिच्या मालिकेचा एक भाग जपून ठेवला होता. या मालिकेतला नायक गेली कित्येक वर्षं स्मृती घालवून बसलाय. बायको रोज त्याच्यासमोरून जाते आणि हा तिला 'आपण कोण?' विचारतो. तर ज्या भागात त्याला काहीतरी आठवल्यासारखं होतं, तो भाग आईनं साठवला होता, कारण तेव्हा ती दातांच्या डॉक्टरकडे होती. इकडे बाबांनी बातम्यांवरची एक चर्चा साठवायला लावली. आठ माणसं एकाच वेळी बोलतायत आणि नववा त्यांना गप्प करतोय, अशी ती चर्चा. डब्याचं पोट भरलं. डब्यानं आपल्या अकलेनं जुनं ते गिळलं आणि नवं ते ठेवलं. आई दात दाखवून आली, टीव्हीसमोर बसली, आणि तिच्या नायकाच्या जागी ती आठ माणसं निघाली.

आई म्हणाली, "ठीक आहे."

आमच्या घरात 'ठीक आहे' हा शब्द कधीच ठीक नसतो. त्या क्षणापासून अबोला सुरू झाला.

अबोला म्हणजे न बोलणं नव्हे. न बोलणारी माणसं मी कचेरीत रोज बघतो. ती फक्त कंटाळलेली असतात. अबोला ही फार बोलकी गोष्ट आहे. त्यात कपबश्या बोलतात, कपाटाची दारं बोलतात, वाळत घातलेले सदरे चिमटे लावताना बोलतात. आणि सगळ्यात जास्त बोलतो मी. आई-बाबा एकाच टेबलाशी समोरासमोर बसलेले असतात, आणि आई मला म्हणते, तुझ्या बाबांना सांग, चहा निवतोय. बाबा म्हणतात, तुझ्या आईला सांग, मला दिसतोय. मी कचेरीत जायच्या गडबडीत दोन्ही निरोप पोचवतो. माझ्या पदवीचा एवढा सलग उपयोग दुसरीकडे कुठेच झालेला नाही.

अबोला ऐन भरात असताना आईला वरच्या फळीवरचा साखरेचा डबा हवा होता. एरवी तो बाबा काढून देतात. त्यांचा हात पोचतो. पण काढून द्या म्हणायचं तर बोलावं लागणार, आणि निरोप न्यायला मी घरात नव्हतो. ती स्टुलावर चढली. स्टूल डुगडुगलं. खुब्याचं हाड मोडलं.

शस्त्रक्रिया छान झाली. हाड जुळलं. अबोला मात्र जुळायचं नाव घेईना. बाबा पहिल्या दिवशी इस्पितळात आले, काचेतून बघून गेले, आणि मग घरी बातम्यांसमोर जे बसले ते बसलेच. साखरेचा डबा त्यांनी खालच्या फळीवर आणून ठेवला.

आणि मग आईनं जाहीर केलं, की इथून मी थेट दादाकडे जाणार. दादा म्हणजे माझे मामा. त्यांचं घर तळमजल्यावर. आमचं दुसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. डॉक्टर म्हणाले, जिना चढायचा असेल तर आधी बाईंनी वॉर्डासमोरचा बोळ चालून दाखवायला हवा. व्यायाम करून घेणाऱ्या बाई रोज वॉकर आणायच्या, आणि आई रोज सांगायची, पाय टेकत नाही. एकदा त्या बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, पायात काही नाही हो, पाय चांगला आहे. त्यांना टेकायचाच नाहीये.

मला कळत होतं. मामांकडे तिची माहेरची खिडकी आहे, खिडकीशी पलंग आहे, आणि तिचं सगळं खरं मानणारा भाऊ आहे. एकदा तिथे गेली की अबोल्याला मुळं फुटणार. ती आली असती परत, नाही असं नाही. पण कधी, आणि कुठल्या सुरात? इकडे बाबा दिवसेंदिवस बातम्या ऐकताना आवाज कमी करत चालले होते. ज्या माणसानं आयुष्यभर शेजाऱ्यांना फुकट बातम्या पुरवल्या, तो माणूस आवाज कमी करतो म्हणजे लक्षण बरं नव्हतं.

तेव्हा मला पाठवण्या सुचला. आईला घरचा टीव्ही दिसू दे, तिच्या मालिका दिसू देत, साठवलेले भाग दिसू देत. घराची ओढ लागेल, पाय आपोआप टेकेल. बायकोला सांगितलं तर तिनं विचारलं, त्यापेक्षा बाबांनाच हाताला धरून नेलं तर? मी हसलो. मोठ्या संकटात पाऊल टाकण्यापूर्वी मी नेहमी असा हसतो, हे तिनं मला नंतर सांगितलं.

बाबांना सांगायची सोय नव्हती. टीव्हीला हात लावतो म्हटलं असतं तर त्यांनी मलाही अबोल्यात ओढलं असतं, आणि मग निरोप कुणी न्यायचे? म्हणून ते दुपारी पेंगत असताना मी टीव्हीमागे शिरलो. टीव्हीमागचं जग ज्यानं पाहिलंय त्यालाच ते माहीत. तिथे वायरींनी एकमेकींच्या गळ्यात गळे घातले होते, आणि हरवलेली सगळी बटणं, एक कंगवा आणि माझ्या लहानपणीचं एक गणिताचं पदक तिथे सुखानं नांदत होतं. पाठवण्या जोडला, फुलदाणीमागे लपवला. हिरवा दिवा लागला. माझ्या छातीतही लागला.

मोबाइलवर फक्त एक गोल फिरत राहिला.

इंटरनेट कंपनीला फोन लावला. माझा फोन त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे हे एका गोड आवाजानं मला इतक्या वेळा सांगितलं, की मला स्वतःबद्दल नव्यानं आदर वाटू लागला. मग एक खरा माणूस आला. त्यानं समजावलं, की साहेब, तुमच्या घरी इंटरनेट खाली उतरतं वेगानं, पण वर चढतं फार हळू. मी म्हटलं, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सगळ्यांचं तसंच आहे. तो हसला नाही. वर चढायचा वेग हवा असेल तर वेगळी योजना घ्या म्हणाला. त्यासाठी घराच्या मालकाची संमती लागेल. घर बाबांच्या नावावर. मग मी बाबांचा आवाज काढून संमती दिली. खोकला जरा जास्त झाला. तो म्हणाला, आजोबा, काळजी घ्या.

याच सुमारास आमचे वरचे शेजारी मदतीला धावले. त्यांना सगळे अँटेनाकाका म्हणतात. छतावर जाऊन 'आलं का? आता आलं का?' विचारत अँटेना फिरवायचे दिवस होते, तेव्हा सगळ्या इमारतीची चित्रं याच हातांनी आणली होती. डिश आली आणि काकांचे हात रिकामे झाले. तेव्हापासून कुणाचंही यंत्र बिघडलं की ते आशेनं दारात येऊन उभे राहतात. माझं काही बिघडलं नव्हतं, तरी आले. फिरणारा गोल बघून म्हणाले, हा वाऱ्याचा दोष आहे. मी मान डोलावली, कारण वडीलधाऱ्यांशी वाद घालू नये असं मला शिकवलंय. ती मान पुढे फार महागात पडली.

वेग चढला, चित्र आलं. पहिली चाचणी मी कचेरीत घेतली. विम्याच्या दाव्यांवर बैठक चालू होती. टेबलाखाली मोबाइल धरला, आणि काय सांगू, त्या चिमुकल्या काचेत आमच्या घरच्या बातम्या झुळझुळ वाहत होत्या. मला भरून आलं. मी हळूच एक बटण दाबलं, चॅनेल बदलला. पण बदलताना आवाजाचं बटणही दाबलं गेलं, आणि टेबलाखालून एक बाई ठणठणीत सुरात म्हणाली, "आता यात थोडं मीठ घाला." त्या वेळी साहेब एका जळालेल्या गोदामाबद्दल बोलत होते. ते थांबले. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी कपाळाला हात लावून, विचारात पडल्यासारखा चेहरा केला. साहेब म्हणाले, तुमच्या टेबलाखालच्या बाईंचं म्हणणं पूर्ण झालं असेल तर पुढे जाऊ या. आजही लोक मला जेवणाच्या सुट्टीत मीठ पुढे करतात.

घरी आलो तर वेगळंच. बाबा टीव्हीकडे संशयानं बघत होते. म्हणाले, आज बातम्यांमधून आपोआप भेंडी आली.

पण त्या संध्याकाळी मी तीच सोय आईच्या मोबाइलवर करून तो तिच्या हातात दिला आणि तिचा चेहरा बघितला. ती आधी ओळखीचं घड्याळ बघावं तशी बघत राहिली. मग म्हणाली, ही आपलीच ना, साठवलेल्या भागांची यादी? तो कोपऱ्यातला डाग आपल्याच टीव्हीचा ना? डाग टीव्हीच्या काचेवरचा होता, तो मोबाइलवर येणं शक्य नव्हतं. पण तिला दिसत असेल तर मी कोण नाही म्हणणारा? ती उशीला टेकून ताठ बसली. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच स्वतःहून ताठ बसली.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक मावशी होत्या. मनगट मोडलेलं, जीभ शाबूत. त्यांना बसल्या बसल्या ओव्या जुळवायची सवय. त्या वाकून बघायला लागल्या, मग त्यांच्या पलीकडची खाट, मग समोरची. चालू शकणाऱ्या चालत आल्या, न चालणाऱ्यांनी आरसे धरले. आईनं मालिका लावली. नायकानं बायकोला विचारलं, आपण कोण? आणि त्या क्षणी चित्र उडालं. आठ माणसं एकदम बोलायला लागली.

आई म्हणाली, "हे उठले वाटतं."

मला तेव्हा यंत्राची खोड कळली. घरी डबा एकच, आणि त्याला एका वेळी एकच चॅनेल दाखवता येतो. आई इथून बदलणार, घरी बदलणार. बाबा घरी बदलणार, इथे बदलणार. मी हे समजावून सांगेपर्यंत आईनं बटण दाबलं होतं. मालिका. लगेच बातम्या. मालिका. बातम्या. नायक 'आपण' म्हणायचा आणि 'कोण' म्हणेपर्यंत कुठल्याशा धरणाची पातळी यायची. सगळा वॉर्ड श्वास रोखून बघत होता. मावशींनी तिथल्या तिथे ओवी टाकली:

एक डबा, दोन अंगठे, मधी सारा गाव,
तिनं लावली मालिका, त्यानं मोडला डाव.

वॉर्डातून हसण्याची अशी लाट उठली, की परिचारिका धावत आली आणि तीही तिथेच थांबली.

इकडे घरी बाबांची खात्री झाली, की डबा बिघडला. त्यांनी अँटेनाकाकांना बोलावलं. काकांचे डोळे चमकले. ते म्हणाले, मी सांगितलंच होतं, वाऱ्याचा दोष, आणि तुमच्या मुलानंही मान्य केलंय. छताची किल्ली इमारतीच्या अध्यक्षांकडे. अध्यक्षांनी लेखी कारण मागितलं. काकांनी 'चॅनेल आपणहून फिरतात' असं लिहून दिलं. अध्यक्षांनी शेरा मारला, 'कोणत्या दिशेनं ते कळवावे.' एवढं होऊन काका वर गेले, बऱ्याच वर्षांनी दोन्ही हातांत धातू आला, आणि त्या आनंदात त्यांनी आमची डिश समजून सामाईक खांबच फिरवला. साऱ्या इमारतीचे टीव्ही गेले. खालून सगळ्या खिडक्यांमधून लोक ओरडत होते, आणि काका वरून तृप्त आवाजात विचारत होते, "आता आलं का?"

इस्पितळात मोबाइल काळा झाला. वॉर्डात हलकल्लोळ. आईनं मला कचेरीत फोन केला. तुझ्या बाबांना विचार, टीव्ही का बंद केला. मी म्हटलं, बंद नाही केला, अँटेनाकाका छतावर आहेत. ती म्हणाली, मग ते बरे आहेत ना? मी म्हटलं, काका? ती म्हणाली, जाऊ दे, आणि फोन ठेवला. मला वाटलं, तिला खरंच काकांची काळजी आहे. मी इतका हुशार आहे.

डिशवाला आला, खांब सरळ झाला, चित्रं परतली. आमच्याविरुद्ध इमारतीत एक सूचना लागली, ज्यात आमचं नाव नव्हतं पण वर्णन होतं. अँटेनाकाका महिनाभर छतावर जाणार नाहीत असं ठरलं. ते मला भेटायला आले तेव्हा कुणी आजारी माणसाकडे जावं तसं हळू बोलत होते. मी त्यांना आमच्या रिमोटमध्ये सेल घालायला दिले. बरं वाटलं त्यांना.

त्यानंतर एके दिवशी मी घरी आलो तर बाबा टीव्हीसमोर पुढे वाकून बसलेले. पडद्यावर चॅनेल बदलला, एक घर पुढे गेला, मग एक घर मागे आला आणि मालिकेवर स्थिरावला.

बाबा म्हणाले, "असं पुढे जाऊन मागे येणारा अंगठा जगात एकच आहे."

त्यांनी उठून फुलदाणी बाजूला केली. हिरवा दिवा बघितला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी खिशातला रुमाल काढला, पाठवण्यावरची धूळ पुसली, फुलदाणी होती तशी ठेवली आणि परत येऊन बसले. मग बातम्या लावल्या. क्षणात मालिका आली. बाबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. आवाज वाढवला त्यांनी. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. मला ती थाप फार गोड वाटली.

पुढचे दिवस नुसती धमाल. सकाळी चहाच्या वेळी बाबा जुन्या गाण्यांचा चॅनेल लावायचे. तो आई बदलायची नाही. गाणं संपलं की एक घर पुढे, एक घर मागे. दुपारी ती पाककृती लावायची, आणि बाबा, ज्यांना पाण्याला उकळी कधी फुटते हेही माहीत नाही, ते बसून बघायचे. संध्याकाळी बातम्यांच्या वेळी मात्र युद्ध. वॉर्डात बाजू पडल्या होत्या. मनगटवाल्या मावशी आईच्या, समोरच्या खाटेवरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाबांच्या. त्या म्हणायच्या, पुरुषाला थोड्या बातम्या लागतात, बघू दे हो त्याला.

इतकं सगळं होऊनही दोघं माझ्याकडे तक्रारच करायची. आई म्हणायची, तुझ्या बाबांना सांग, ऐन मोक्याला बदलू नका. बाबा म्हणायचे, तुझ्या आईला सांग, तिच्यापायी मला मालिका बघावी लागते, आणि तो गाढव अजून तिला ओळखत नाही. पाय अजून टेकत नव्हता. मामांनी खोली झाडून ठेवल्याचा फोन आला. सुट्टी मिळायचा दिवस तोंडावर आला होता.

इथे मी ती चूक केली. मी तक्रारीला तक्रार समजलो. कचेरीत दावे निकाली काढून काढून माणसाचं असं होतं. कुणी कुरकुरलं की त्याला नुकसानभरपाई हवी असणार, एवढंच मला सुचतं. मी डिशवाल्याला बोलावलं आणि एका वेळी दोन चॅनेल चालवणारा नवा डबा बसवून घेतला. आता घरी बाबांना अखंड बातम्या, इस्पितळात आईला अखंड मालिका. कुणी कुणाच्या मधे नाही. बाबा फिरायला गेले होते तेवढ्यात काम झालं. बायकोला म्हटलं, बघ आता, कटकट संपली. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मी तेही कौतुक समजलो.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम वॉर्डात जाऊन बसलो, शाबासकी घ्यायला. आईनं मालिका लावली. नायक बायकोसमोर उभा राहिला. आईचा अंगठा बटणावर तयार. वॉर्ड सरसावून बसला. नायकानं विचारलं, आपण कोण? तिनं सांगितलं. पूर्ण वाक्य. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. कुणीही काहीही मोडलं नाही.

आईनं माझ्याकडे बघितलं. बातम्यांची वेळ झाली ना, विचारलं. मी म्हटलं, झाली की. आणि मंद हसलो.

ती परत बघायला लागली, पण मालिकेकडे नाही. पडद्याच्या कोपऱ्याकडे, जिथून बातम्या येतात असं तिला वाटायचं. तिनं मुद्दाम दुसराच चॅनेल लावून बघितला, कुणी चिडतंय का म्हणून. कुणी चिडलं नाही. नायकाला त्या दिवशी सगळं आठवलं. सगळं. बायकोचं नाव, लग्नाची तारीख, कुठल्या साडीत होती ते. सबंध वॉर्ड रडत होता. आईनं तो भाग बघितलाच नाही. ती मला म्हणाली, घरी फोन लाव.

फोन वाजत राहिला. कुणी उचलेना.

मी सांगायला लागलो, की अगं, मी नवा डबा बसवलाय, दोन चॅनेल, स्वतंत्र सोय. तिच्या कानात त्यातलं काही शिरलं नाही. तिनं पांघरूण बाजूला केलं. म्हणाली, "तो वॉकर इकडे कर."

मी केला. तिनं पाय खाली सोडले, टेकले आणि उभी राहिली. मावशींची ओवी ओठावरच थांबली. आई दार ओलांडून बोळात गेली. एक पाऊल, वॉकर, एक पाऊल. मी मागून चपला घेऊन. खोल्यांच्या दारांतून माणसं बघायला लागली. व्यायामवाल्या बाई समोरून येत होत्या. त्या भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, जशी मिरवणूक चाललीय. आई त्यांना म्हणाली, बाजूला व्हा हो जरा, घाई आहे.

बोळाच्या टोकाला लिफ्टचं दार उघडलं आणि त्यातून बाबा बाहेर आले. घरातला सदरा, बटणं खालीवर लागलेली, आणि हातात टीव्हीचा रिमोट. तो बाहेर पडताना ठेवायचाच राहिला होता.

दोघं समोरासमोर थांबली. मी मधे. सवयीनं मी तोंड उघडून तयार राहिलो.

बाबा म्हणाले, "तुझ्या आईला विचार..." आणि पुढचं त्यांना सुचेना. आई म्हणाली, "तुझ्या बाबांना विचार, फोन का..." आणि तीही थांबली. मी इकडून तिकडे बघत होतो. पोचवायला निरोपच मिळेना. मग बाबांनी मला खांद्याला धरून, कपाटाचं दार सारावं तसं बाजूला सारलं.

"अगं, बातम्या संपत आल्या," ते म्हणाले, "आणि तू एकदाही बदललं नाहीस. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काही नाही वाटलं."

"मला पण काही नाही वाटलं," आई म्हणाली. "आणि हे बटण वर लावलंय तुम्ही."

बाबांनी खाली, बटणाकडे बघितलं. मग आणखी खाली, वॉकरच्या मधे तिच्या पायांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "तू चालतेयस," ते म्हणाले. तेव्हा कुठे आईलाही ते कळलं.

मी तो क्षण साधून दोन चॅनेलच्या डब्याचे फायदे सांगायला घेतले. स्वतंत्र सोय, कुणाचा कुणाला त्रास नाही, भविष्यातही उपयोगी. दोघांनी एकदम माझ्याकडे वळून बघितलं आणि एकदम विचारलं, "तुला कुणी सांगितलं होतं?"

त्यांच्या संसारात इतकं संपूर्ण एकमत मी पहिल्यांदाच बघत होतो. व्यायामवाल्या बाईही त्यात सामील झाल्या. मागून मोडलेलं मनगट सांभाळत मावशी आल्या आणि त्यांनी माझ्यावर एक ओवी केली, जी मी इथे देणार नाही.

मामांना आईनंच फोन केला. म्हणाली, खोली झाडलीस ते बरं झालं, झाडलेली असावी. सुट्टीच्या दिवशी बाबांनी गाडीत माझ्या शेजारची पुढची जागा घेतली नाही, मागे तिच्याजवळ बसले. नवा डबा मी त्याच सकाळी काढून परत केला. डिशवाल्यानं कारण विचारलं. मी म्हटलं, फार चांगला चालतो. त्यानं दोनदा विचारलं.

आणि मग जिना. एका बाजूला कठडा, एका बाजूला बाबा, मधे आई, मागे मी, दोन पिशव्या, वॉकर आणि उशी घेऊन. दोन मजले चढायला आम्हाला फार वेळ लागला. पायामुळे नाही. आई दर दोन पायऱ्यांना थांबायची आणि अबोल्यात राहिलेलं एकेक काढायची. दातांचे डॉक्टर काय म्हणाले ते. स्टुलावरून पडताना डोळ्यांपुढे काय आलं ते. समोरच्या खाटेवरच्या मुख्याध्यापिका किती घोरतात ते, आणि तरी स्वभावानं कशा चांगल्या. मालिकेच्या नायकाला आठवलं तेव्हा मी बघितलंच नाही, तुम्ही बघितलं का? नाही ना? मग ते दोघांनाही कळायचं राहिलं. दारं उघडून शेजारी उभे होते. अँटेनाकाका वरच्या कठड्यावरून वाकून ऐकत होते. मला पिशव्या जड झाल्या होत्या, पुढे जायचं होतं, पण वाट कोण देणार?

कारण ती प्रत्येक वेळी बोलून झाल्यावर थांबायची आणि पुढच्या पायरीकडे बघायची, आणि ज्या माणसानं आयुष्यभर तिचं वाक्य बातम्यांसाठी मधेच तोडलं, तो माणूस हात पुढे करून तिला म्हणायचा, "मग?"